पार्कांच्या राजाला किमांचा नमस्कार

"नवरदेव, जरा हसा की! लग्न झालंय तुमचं. दाढ उपटायला नाही आणलेलं तुम्हाला," कॅमेऱ्याला डोळा लावून टॅक्सीवाले बे काका ओरडले.

किम सांगमो हसला. म्हणजे त्याने ओठ दोन्ही बाजूंना ताणले आणि फोटो निघेपर्यंत तसेच धरून ठेवले. शेजारी पायघोळ गुलाबी हानबोक घालून उभ्या असलेल्या मिरानच्या मनात आलं, या माणसाला आपण आजवर मनापासून हसताना पाहिलेलंच नाही. पाहणार तरी कधी? मध्यस्थबाईंनी गाठ घालून दिल्यापासून लग्नापर्यंत दोघं पाच वेळा चहाच्या हॉटेलात भेटली होती. त्यातल्या तीन वेळा तो उल्सानच्या गोदीतल्या जहाजांविषयी बोलला होता आणि दोन वेळा तेही नाही.

"आता बायकोला उचला!"

"उचलू?" सांगमोने मिरानला विचारलं. "तुम्हाला चालेल?"

बे काकांनी कॅमेरा खाली घेतला. "बायकोला 'तुम्ही' म्हणताय? अहो नवरदेव, ती काय तुमच्या गोदीची मालकीण आहे? वहिनी, तुम्ही काहीतरी सांगा याला."

मिरान लाजली. लाजायचंच असतं. पण मनातून तिला तो 'तुम्ही' आवडलाही नव्हता आणि वाईटही वाटला नव्हता. काल दुपारी देगूच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं, संध्याकाळच्या गाडीने ती दोघं ग्योंगजूला आली. मित्रांनी त्याला स्टेशनवर येईपर्यंत एवढी पाजली होती की हॉटेलच्या खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या तो एक पायमोजा काढून आणि एक तसाच ठेवून आडवा झाला. सकाळी उठून त्याने तीनदा माफी मागितली. तीही 'तुम्ही' म्हणत.

ब्याऐंशी सालचा ऑक्टोबर होता आणि जुन्या राजांच्या या राजधानीत, ग्योंगजूत, नव्या जोडप्यांचं नुसतं पीक आलं होतं. प्रत्येक पगोड्याच्या पुढे एक जोडपं, मागे दुसरं, आणि तिसरं रांगेत उभं. इथल्या टॅक्सीवाल्याला गाडी चालवणं थोडं कमी आलं तरी चालून जायचं, फोटो मात्र यावेच लागायचे. बे काका मूळचे बुसानचे, इथे येऊन त्यांना तीनच वर्षं झाली होती, पण बोलणं असं की जुन्या राजांना घोड्यावरून तेच फिरवून आणत असावेत. भल्या पहाटे त्यांनी दोघांना सूर्योदय दाखवायला डोंगरावर नेलं होतं. तिथे धुकं एवढं होतं की सूर्य सोडा, मिरानला स्वतःचा नवरा दिसेना. "धुक्यातला सूर्योदय नशीबवानांनाच मिळतो," असं म्हणून काकांनी धुक्याचाही फोटो काढला होता.

"आता तळ्यावर जाऊ," ते म्हणाले. "हंसाच्या होड्या आहेत. सगळी जोडपी बसतात."

मिरानचा चेहरा खुलला. त्या होड्यांविषयी तिन्ही बहिणींनी तिला सांगून ठेवलं होतं. पण सांगमो घसा खाकरत म्हणाला, "आधी एका ठिकाणी जायचं आहे. एका राजाच्या समाधीवर."

टॅक्सीच्या मागच्या सीटवर निळ्या कापडाचं एक गच्च बांधलेलं बोचकं होतं. काल गाडीत चढताना मिरानला वाटलं होतं, सासूबाईंनी खाऊ दिला असेल. त्यात होती तांदळाच्या दारूची बाटली, पितळेचा पेला, नासपती, चेस्टनट आणि गुंडाळलेली चटई. मधुचंद्राला निघालेल्या मुलाच्या हातात बापाने पूजेचं सामान दिलं होतं! पण तिचे सासरे म्हणजे आन्दोंगचे किम. आन्दोंगमध्ये जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांची जेवणं जास्त होतात, असं देगूत चेष्टेने म्हणत. ग्योंगजूला चाललाच आहेस, तर आपल्या मूळ राजाच्या पाया पड, घरात सून आली हे त्याच्या कानावर घाल, असा हुकूम होता. सांगमो थोरला मुलगा. त्याला 'नाही' हा शब्द कोणी शिकवलेलाच नव्हता.

"कुठली समाधी?" काकांनी विचारलं.

"बाबा लहानपणी एकदा आले होते. नामसान डोंगराचा पायथा, पाईनचं बन, आत मोठं टेकाड. सकाळचं ऊन थेट समाधीवर येतं म्हणाले."

"हात्तिच्या! डोळे मिटून नेतो."

आणि त्यांनी तसंच नेलं असावं.

गाडीत मिरान खिडकीबाहेर बघत बसली. रुसवा पूजेचा नव्हता. पाया पडायला तिची काही हरकत नव्हती. काल दुपारची एक वेगळीच गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती.

लग्नाच्या पंगतीत सगळे शेवया ओरपत असताना सासऱ्यांनी तिच्या वडिलांच्या पेल्यात दारू ओतली आणि मोठ्याने विचारलं, "चार मुली? चारही मुलीच? मग पार्कसाहेब, पुढे तुमच्या वाडवडिलांच्या कबरींवरचं गवत कापणार कोण? दोन शेळ्या पाळा आता!" पंगत खो खो हसली. मनाने माणूस वाईट नव्हता, जीभ सैल होती एवढंच. मिरानचे वडीलही हसले. घड्याळं दुरुस्त करणारा शांत माणूस, उभ्या जन्मात कोणाला उलट बोलला नव्हता. पण मिरानने त्यांचं ते हसणं पाहिलं आणि तिला ते काट्यासारखं बोचलं.

कारण गोष्ट खरी होती. तिसऱ्या मुलीचं नाव त्यांनी हुनाम ठेवलं होतं, म्हणजे 'आता मागून मुलगा येऊ दे'. मागून आली ती मिरान. दरवर्षी शरदात वडील विळा घेऊन डोंगरावर जात, आजोबा-पणजोबांच्या कबरींवरचं वाढलेलं गवत कापत, चारही मुली मागून खाऊचे डबे घेऊन. मग एकेक मुलगी सासरी गेली. जावई चांगले होते, पण जावयाला त्याच्या स्वतःच्या घराण्याच्या कबरी असतात. बायकोच्या पूर्वजांपुढे कोण वाकतं? कोणीच नाही. तशी रीतच नव्हती. या वर्षी वडील आणि ती दोघंच गेली होती. येत्या वर्षी वडील एकटे.

पंगतीत सासरे बोलले तेव्हा सांगमो त्यांच्या शेजारीच बसला होता. तो हसला होता का? मान खाली घालून बसलेल्या नवरीला तेवढंच दिसलं नव्हतं. तिला फक्त एवढंच कळायला हवं होतं. तो हसला असेल, तर सगळा जन्म त्या हसण्याबरोबर काढायचा होता.

टॅक्सी थांबली. बनात धुकं अजून तसंच होतं. वाकडेतिकडे पाईन त्यात अर्धे बुडाले होते. "जा आत. मी इथे पाच मिनिटं डोळा लावतो. उजेड आला की फोटोला येतो," म्हणत बे काकांनी टोपी नाकावर ओढली.

आत गेल्यावर समाध्यांची टेकाडं दिसली. एक नव्हे, तीन. हिरवी, गोल, नुकतंच गवत कापलेली.

"बाबा तर एक म्हणाले होते," सांगमो पुटपुटला. थोडा विचार करून त्याने स्वतःचीच समजूत काढली. "बाकीचे नातेवाईक असतील."

त्याने मधल्या टेकाडापुढे चटई अंथरली, फळं मांडली, पेला भरला, कोटाची बटणं लावली. आणि मिरान बघतच राहिली. चहाच्या हॉटेलात चमच्याशी खेळत बसणारा तो अवघडलेला माणूस हा नव्हेच. त्याने दोन्ही हात जुळवून कपाळाशी नेले, गुडघे टेकले, डोकं जमिनीला लावलं, उठला आणि पुन्हा तसाच वाकला. जिवंत माणसाला एक नमस्कार, गेलेल्याला दोन. मग गुडघ्यावर बसून तो खणखणीत आवाजात बोलला, "महाराज, मी आन्दोंगचा सांगमो, किमांच्या घरातला थोरला. लग्न करून बायकोला घेऊन आलोय. घरात सगळं ठीक आहे. बाबांची कंबर धरते, पण जीभ ठणठणीत आहे."

मिरानला हसू आलं. बाईमाणसाने चार नमस्कार घालायचे असतात, आणि एवढ्या पायघोळ कपड्यात ते घालायला सपाट जागा हवी, म्हणून ती बाजूला सरकली. धुक्यातून एक दगडी फलक पुढे आला. सहज म्हणून तिने वाचला.

पहिलं अक्षर तिच्या ओळखीचं होतं. ओळखीचं कसलं, तिच्या स्वतःच्या आडनावाचं होतं.

पार्क.

तिने पुन्हा वाचलं. पार्क घराण्यातले तीन राजे. त्यातलं शेवटचं नाव तर ती लहानपणापासून ऐकत आली होती. गवत कापून झालं की वडील घाम पुसत, डबा उघडत आणि दरवर्षी तेच सांगत. आपण मिर्यांगचे पार्क, आपलं मूळ या या राजाच्या थोरल्या मुलापासून. मुली भाताचे लाडू खात आणि 'हो बाबा' म्हणत.

तोच राजा इथे झोपला होता. आणि त्याच्यासमोर चटईवर, कपाळाला माती लावून, किमांचा थोरला मुलगा बसला होता.

तिला एकदम एवढं हसू फुटलं की तिने बाही तोंडात कोंबली. आणि हसता हसताच डोळे भरून आले. बाबांना हे दिसायला हवं होतं! कालची ती हसणारी पंगत इथे आणून उभी करायला हवी होती!

"काय झालं?" सांगमोने विचारलं. "तुमचे नमस्कार राहिलेत."

ती पुढे आली आणि चार नमस्कार घातले. पहिला नीट आला. दुसऱ्याला घेर पायात अडकला. चौथ्यानंतर ती कपाळ टेकून जरा जास्तच वेळ राहिली, कारण तिला विचार करायचा होता.

सांगितलं नाही, तर? सगळंच सुरळीत होत होतं. सासऱ्यांचा हुकूम पाळला गेला, तिच्या राजाला मान मिळाला, नवरा खूश, तळ्यावर होड्या वाट बघतायत. हे गोड गुपित मनात ठेवून जन्मभर एकटीने हसता आलं असतं. पण तिला जे जाणून घ्यायचं होतं ते मग कधीच कळलं नसतं. न कळता केलेला नमस्कार काय, खांबाला आपटलेल्या डोक्यासारखा. लागतो, पण कोणाला केला म्हणता येत नाही.

ती उठली, कपडे झटकले. "अहो."

तिने त्याला पहिल्यांदाच अशी हाक मारली होती. सांगमोने चमकून मागे पाहिलं, जणू आणखी कोणी आलंय.

"तो फलक वाचता का जरा?"

तो गेला. वाचायला लागला. त्याची पाठ तिच्याकडे होती, आणि त्या पाठीवरून तिला काहीच कळेना. आता पहिला शब्द काय येईल? 'वाया गेलं' म्हणेल. म्हणणारच. आन्दोंगचा माणूस, चुकीच्या घराण्यापुढे दोनदा डोकं टेकवून बसलाय. रागावणार नाही कदाचित, पण 'वाया गेलं' हे शब्द आलेच, तर ती काय करणार होती? काही नाही. हसली असती, बाबांसारखी.

"हे पार्क आहेत," सांगमो म्हणाला.

"हो."

"तिघेही पार्क."

"हो. शेवटचे आमचे. म्हणजे आमचं घराणं त्यांच्यापासून."

तो वळला. कपाळावर माती, चेहरा पांढरा. एकदा टेकाडाकडे, एकदा फळांकडे, एकदा तिच्याकडे बघत तो चटईवर मटकन बसला.

"म्हणजे मी पार्कांच्या दारात उभा राहून किमांच्या नावाने हाका मारत होतो?"

"हो."

"बाबांच्या कंबरेचं पण सांगितलं."

"जिभेचं पण."

"आणि यांनी सगळं ऐकून घेतलं!" त्याने तोंडावर हात ठेवला. मिरान श्वास रोखून उभी राहिली. मग त्याने बाटली उचलून धुक्यात वर धरली. "अर्धी आहे अजून. मिरान, पेला दे इकडे."

'दे' म्हणाला होता. 'द्या' नव्हे. पण ते तिच्या नंतर लक्षात आलं.

"काय करताय?"

"पुन्हा घालतो नमस्कार. आधीचे यांना कसे पोचतील? मी नाव दुसऱ्याचंच घेत होतो. कोणाच्या घरी जाऊन भलत्यालाच हाका मारून निघून जायचं, हे बरं दिसत नाही." त्याने पेला भरला, आणि भरता भरता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "काल बाबा पंगतीत बोलले ना तुझ्या बाबांना. तेव्हा माझ्या तोंडात शेवया होत्या. त्या गिळेपर्यंत सगळे हसून मोकळे झाले. मग मी काहीच बोललो नाही. गाडीत सांगणार होतो, पण त्या गाढवांनी एवढी पाजली होती…"

म्हणजे तो हसला नव्हता!

सांगमो उठला. कोटाची बटणं पुन्हा तपासली. हात कपाळाशी नेले आणि वाकला. या खेपेला सावकाश, नाव-गाव माहीत असलेल्या माणसापुढे वाकावं तसा. दुसऱ्यांदा वाकला. मग गुडघ्यावर बसून बोलला तेव्हा त्याचा आवाज मघासारखा खणखणीत नव्हता.

"महाराज, मघाशी चूक झाली. मी आन्दोंगचा किम सांगमो. तुमच्या घरची धाकटी मुलगी मी नेली आहे. विचारायला यायला उशीर झाला, माफ करा."

मिरान तिथेच, गुलाबी हानबोकाची पर्वा न करता, ओल्या गवतावर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. सांगमो घाबरला. खिशातून रुमाल काढायला गेला तर हातात कालचा पायमोजा आला. तो त्याने तसाच तिच्यापुढे धरला, आणि ती रडता रडता अशी हसत सुटली की बनातले पक्षी उडाले. मग तोही हसला. ओठ ताणून नव्हे. चांगला डोकं मागे टाकून, मागच्या दाढा दिसेपर्यंत. हसताना तो कसा दिसतो ते तिने पाहून घेतलं. चांगलाच दिसत होता.

पूजेचं फळ घरच्यांनीच संपवायचं असतं. दोघं चटईवर बसून एकाच सुरीने नासपती कापून खात होती, तेवढ्यात कॅमेरा सरसावत बे काका आले.

"वा वा! हलू नका!"

"काका," सांगमो म्हणाला, "ही समाधी पार्कांची आहे."

काकांनी फलक वाचला. डोकं खाजवलं. "नामसान म्हणालात. हा नामसान. पायथा म्हणालात. हा पायथा. पाईन म्हणालात, ते बघा पाईन!"

"सकाळचं ऊन येतं ती बाजू म्हणालो होतो. म्हणजे पूर्वेची."

"आज ऊन होतं कुठे? सूर्यच उगवला नाही, तर पूर्व कशी ओळखायची माणसाने?" काकांनी विचारलं आणि गाडीची किल्ली काढली.

मग डोंगराला वळसा घालून टॅक्सी पूर्वेच्या पायथ्याला गेली. तिथेही पाईनचं बन, तिथेही टेकाड, आणि या खेपेला तिघांनीही आधी फलक वाचला. तांदळाची दारू पार्कांकडे संपली होती, म्हणून किमांच्या राजाला वाटेतल्या टपरीवरची पांढरी दारू आणि एक उरलेली नासपती मिळाली. "महाराज, चांगली होती ती सासरच्यांनी संपवली," असं सांगमोने त्यांना सांगून टाकलं. मिरानने पुन्हा चार नमस्कार घातले. एका दिवसात आठ! उठताना तिच्या गुडघ्यांचा आवाज आला तेव्हा त्याने हात दिला, आणि टॅक्सीपर्यंत तो हात सोडला नाही. काकांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच फोटो काढला नाही.

दुपारी ऊन पडलं. तळ्यावर हंसाच्या होडीत बसून दोघांनी लाल घेवड्याचं पुरण भरलेले गरम पाव खाल्ले. होडी पायाने चालवायची होती. जहाजं बांधणाऱ्या गोदीतल्या माणसाला ती शेवटपर्यंत सरळ नेता आली नाही. ती तीनदा काठाला आणि एकदा दुसऱ्या जोडप्याच्या हंसाला आपटली.

"तू जहाजांचे नकाशे काढतोस ना?" मिरानने विचारलं. आपण 'तू' म्हणालो हे कळून तिने जीभ चावली.

"काढतो," सांगमो गंभीरपणे म्हणाला. "चालवत नाही."

दुसऱ्या दिवशी ती दोघं देगूला तिच्या माहेरी आली. मधुचंद्राहून परतताना आधी मुलीच्या घरी यायचं, एक रात्र राहायचं आणि मग सासरी जायचं, असा रिवाज. सांगमोने सासू-सासऱ्यांना एक मोठा नमस्कार घातला. मिरानच्या आईने टेबल मोडेल एवढं जेवण मांडलं. वडील "या, बसा, आराम करा" म्हणाले आणि घरापुढच्या आपल्या घड्याळांच्या दुकानाच्या दारातल्या खुर्चीवर जाऊन बसले. प्रत्येक जावई पहिल्यांदा आला तेव्हा ते असेच दारात बसले होते. कोणी घरात नवं आलं की त्यांना काय बोलावं ते सुचत नसे.

जेवण होईपर्यंत तिघे साडू सभ्यपणे बसले. मग थोरल्याने कमरेचा पट्टा काढला, मधल्याने सांगमोच्या घोट्यांना गुंडाळला आणि हुनामताईच्या नवऱ्याने त्याचे पाय खांद्यावर घेतले. नव्या जावयाच्या तळपायांवर वाळक्या माशाचे फटके द्यायचे, हा सासरवाडीचा हक्क. प्रत्येकाने ते फटके पूर्वी खाल्लेले, म्हणून प्रत्येकाचा हात उत्साहाने चालतो.

"बोल चोरा! आमच्या घरातून काय चोरलंस?" थोरल्या साडूने पहिला फटका दिला.

"आई ग! मुलगी! मुलगी चोरली!"

"ते आम्हाला माहितीय! आम्हीपण तेच चोरलंय! आणखी काय गुन्हा केलास? कबूल कर!"

"भाऊजी, हळू हो," मिरान म्हणाली, पण बहिणी तिला धरून हसत होत्या. दुसरा फटका पडला. तिसरा.

"सांगतो! सांगतो!" सांगमो पाठीवर लोळत, लालबुंद होऊन ओरडला. "तुमच्या राजाला माझ्या राजाची दारू पाजली!"

मासा हवेतच थांबला. "काय?"

"नामसानच्या बनात. पार्कांच्या राजापुढे. अर्धी बाटली चुकून आणि अर्धी मुद्दाम!"

साडू एकमेकांकडे बघायला लागले. ही नवीनच दारू दिसते, असा त्यांचा चेहरा. पण दारातली खुर्ची करकरली. वडील उठून उंबऱ्यात आले होते. नेहमी घड्याळाच्या पोटात बघायची सवय लागलेले त्यांचे बारीक डोळे आता सांगमोवर खिळले होते.

"नमस्कार घातलात?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान.

"घातले, बाबा." सांगमो पाय वर असलेल्या अवस्थेतही जमेल तेवढा आदराने बोलला. "चार घातले."

"चार? पुरुषाने दोन घालायचे."

"दोन न कळता पडले. मग कळलं, म्हणून दोन पुन्हा घातले."

वडिलांनी मिरानकडे पाहिलं. तिने मान हलवली. खरं आहे, बाबा. एवढंच. बाकी काही सांगायची गरज त्या बापलेकींना नव्हती.

मग वडील पुढे आले. आधीच्या तीन जावयांच्या वेळी त्यांनी हा खेळ लांबूनच पाहिला होता, माशाला कधी हातसुद्धा लावला नव्हता. आता त्यांनी थोरल्याच्या हातून तो घेतला. सांगमोने डोळे घट्ट मिटले. वडिलांनी मासा उचलला आणि त्याच्या तळपायावर एकच फटका दिला, इतका हलका की बंद पडलेल्या घड्याळाला चालू करायला ते टिचकी मारत त्याहून जोर नसावा. मग मासा खाली ठेवला, पट्टा सोडला. लाल झालेला तो पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला, आणि धरूनच ठेवला. त्यांचे खांदे हलत होते. ते हसतायत की रडतायत ते कोणालाच कळेना, बहुतेक त्यांनाही नाही.

सांगमोने बराच वेळ कळ काढली. शेवटी राहवेना.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "गुदगुल्या होतायत."

"होऊ देत," वडील म्हणाले, पण पाय काही सोडला नाही.